आपल्याकडे कुठे होतो भूकंप?

गेल्या नाताळाच्या आधी दीड-दोन महिने आमच्या घरात एका भिंतीवरून वाद झाला. भिंत तशी साधीच. तळमजल्याची, रस्त्याच्या बाजूची, आमच्या वडिलांनी १९६१ साली वीट आणि चुना वापरून उभी केलेली. संध्याकाळी ओटीवर बसून रोझरी म्हणताना आमच्या घरातील तीन पिढ्यांनी तिला पाठ टेकली आहे. ती भिंत आणि तिच्या आतली दुसरी, अशा दोन्ही काढून तेथे दुकानाचे दोन गाळे करावेत, असे आमच्या धाकट्या चिरंजिवांच्या मनात होते. त्यांची नोकरी सुटून आठ महिने झाले होते. पदरात दोन मुले. वसईच्या या रस्त्यावर आता गाळ्याला भाडे चांगले येते. त्यांचे म्हणणे अवाजवी होते असे आम्हांला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

गवंडी आला, त्याने भिंतीवर थापा मारून पाहिल्या, टेप धरली आणि म्हणाला, "काका, दोन लोखंडी गर्डर टाकले की वरचा मजला तसूभर हलायचा नाही."

आम्ही सहज विचारले, "आणि धरणीच हलली तर?"

तो मोकळेपणाने हसला. "आपल्याकडे कुठे होतो भूकंप?"

त्याच्या हसण्यात उर्मटपणा नव्हता. तरीही आम्ही गप्प झालो, कारण ते वाक्य आमच्या ओळखीचे होते. ते आम्ही स्वतः याच अंगणात, याच घराविषयी उच्चारले होते. आणि तेही उच्चारण्याचा अधिकार ज्याला मुळीच नव्हता अशा माणसाने.

भूकंपाची आमची पहिली आठवण ११ डिसेंबर १९६७ ची. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो. पहाटे चारच्या सुमारास फळीवरची तांब्याची भांडी एकमेकींवर किणकिणू लागली आणि कौलांतून बारीक माती अंथरुणावर पडली. आजी उठून बसली, तिने कपाळावर क्रुसाची खूण केली आणि आम्हां भावंडांना पोटाशी ओढले. वडील कंदील घेऊन बाहेर गेले. वाडीतल्या सगळ्या घरांतून कंदील बाहेर आले होते. दुसऱ्या दिवशी कळले की कोयनानगरला मोठा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. त्या भूकंपाची तीव्रता रिश्टर मापनावर सहाच्या वर होती. कोयनेच्या धरणात पाणी साठल्यानंतर त्या भागात हादरे वाढले होते आणि पाण्याच्या दाबाने तो भूकंप ओढवला असावा, हे पुढे शास्त्रज्ञांनी मांडले. जगातील अशा भूकंपांत तो आजही सर्वांत मोठ्यांपैकी एक गणला जातो. पण आमच्या वाडीने त्यातून एवढेच घेतले की भूकंप धरणापाशी होतो. आपल्याकडे धरण नाही. म्हणजे आपल्याकडे भूकंप नाही.

पंचवीस वर्षे हे समाधान पुरले. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपतीचे विसर्जन करून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील माणसे उशिरा निजली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसराला हादरा बसला. सुमारे बावन्न गावे जवळजवळ भुईसपाट झाली. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिलेला आढळतो. आमच्या धर्मग्रामातून तांदूळ, चादरी, भांडी गोळा झाली. ट्रकबरोबर जाणाऱ्या सात जणांत आम्ही होतो.

तीन आठवडे उलटून गेले होते, तरी हवेत अजून वास होता. त्याविषयी अधिक लिहीत नाही. जे लिहायला हवे ते एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांला दाखवले. एका ढिगाऱ्यापाशी तो उकिडवा बसला होता. ढिगारा त्याच्याच घराचा होता. त्याची सून आणि दोन नातवंडे त्यातून काढली होती. आम्ही काय बोलावे हे न सुचून शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने तोच बोलू लागला, आणि बोलला तो देवाविषयी किंवा दैवाविषयी नव्हे, भिंतीविषयी.

"तीन हात रुंद भिंत होती साहेब. आत उन्हाची झळ येत नव्हती, चोराला भोक पाडता येत नव्हतं. माझ्या बापानं बांधली अन् मी वाढवली. वर माळवद. दर पावसाळ्याच्या आधी माती टाकायची, गळू नये म्हणून. बापानं टाकली, मी टाकली. किती थर झाले कोणी मोजलं नाही." मग त्याने गावाच्या कडेला बोट दाखवले. तेथे काही खोपटी उभी होती. कुडाच्या भिंती, वर पत्रा किंवा पाचट. "ते वाचले. ज्यांना दगड परवडला नाही ते वाचले."

नंतर वाचनातून आम्हांला त्या बोलण्याचा अर्थ नीट कळला. ती भिंत बाहेरून एक दिसत असली तरी आत तिचे दोन पापुद्रे असत. दोन्ही बाजूंना मोठे दगड, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच घातलेला असे. जमीन आडवी हलताच भिंतीचे दोन पापुद्रे सुटून फाकत आणि वरचे टनावारी मातीचे छप्पर निजलेल्या माणसांवर येई. उन्हापासून, पावसापासून आणि चोरापासून पिढ्यान् पिढ्या राखणारे ते घर होते. शत्रू ओळखून त्यांनी घरे बांधली होती; जो शत्रू कोणाच्या आजोबांनीही पाहिला नव्हता, त्याच्यासाठी मात्र ती बांधलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या वृद्धाने सांगितली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीच्या आसपास जमीन महिनोन् महिने गुरगुरत होती. ऑक्टोबरात तर चांगला धक्का बसला होता. माणसे काही रात्री बाहेर झोपली. "मग थांबलं," तो म्हणाला. "थांबलं म्हटल्यावर आत गेलो. किती दिस बाहेर झोपणार?"

हा प्रश्न आमच्या मनातून कधीच गेला नाही. तेव्हा शासनाच्या भूकंप-नकाशात देशाचे पाच विभाग होते आणि किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक विभागात होती. दख्खनचा पाषाण पुरातन आणि अचल, हे आम्ही शाळेत भूगोलात शिकलो होतो. पुढे किल्लारीला खोल विवर खणले तेव्हा तीनशेहून अधिक मीटर काळा बेसॉल्ट लागला आणि त्याखाली त्याहून पुष्कळ जुना ग्रॅनाइट. एवढ्या जाड पाठीखाली काय हलणार? पण ती पाठ जिच्यावर आहे ती भारताची भूमी वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे आशियाला रेटा देत सरकते आहे. आपल्या बोटांची नखे वाढतात जवळपास तितकीच ही गती. त्याचा मोठा भार हिमालयाच्या पायथ्याशी निघतो, पण ताण सगळ्या द्वीपकल्पाच्या अंगात भिनतो. पोटात कोठे जुनी भेग असेल तर तेथे तो साठत राहतो. हिमालयात तो लवकर मोकळा होतो. आपल्याकडे भरायला हजारो वर्षे लागू शकतात. म्हणून येथे माणसाची स्मृती त्याला पुरत नाही. नकाशातला 'पहिला विभाग' याचा अर्थ 'येथे क्वचित' एवढाच होता. आपण सर्वांनी तो 'येथे कधीच नाही' असा वाचला.

आणि क्वचित येणाऱ्या पाहुण्यासाठी कोणी अंथरूण घालून ठेवत नाही, हेच खरे संकट आहे. १९८९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसराला ६.९ तीव्रतेचा भूकंप बसला. किल्लारीच्या भूकंपाच्या कितीतरी पट शक्ती त्यात होती. तेथे त्रेसष्ट माणसे गेली. किल्लारीचा भूकंप सहाच्या थोडा वर होता. हा फरक केवळ पैशाचा नाही. तेथील लोकांनी वारंवार मार खाल्लेला होता आणि घर बांधताना ते तो विसरत नव्हते.

आता आमची कबुली. किल्लारीहून परत आल्यावर आम्ही धर्मग्रामाच्या सभागृहात तासभर बोललो. माणसे रडली. आमचाही गळा भरून आला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९६ मध्ये, आम्ही आमच्या घराची मंगलोरी कौले उतरवली, वडिलांच्या त्या विटा-चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब ओतला आणि वर दोन खोल्या चढवल्या. त्यावर पाण्याची मोठी टाकी. कोणा अभियंत्याला विचारले नाही. तेव्हा सौ. म्हणाल्या होत्या, "तुम्ही ते सगळे पाहून आलात ना? या भिंतींना हे वजन झेपेल?" आम्ही उत्तर दिले, "अहो, ते मराठवाड्यात. आपल्याकडे कुठे होतो भूकंप?"

त्या शेतकऱ्याच्या बापाने माळवदावर मातीचे थर चढवले ते अजाणतेपणी. आम्ही आमचा थर चढवला तो डोळ्यांनी सर्व पाहून आल्यावर.

त्यानंतर २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला. त्याचे केंद्र अहमदाबादपासून सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. तरीही अहमदाबादेत कितीतरी बहुमजली इमारती कोसळून शेकडो माणसे गेली. त्यांतील अनेक इमारतींचा तळमजला गाड्या ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला होता. वर भिंतींनी बांधलेले जड मजले, खाली नुसते खांब. हादरा आला की वरचे घर एकसंध झुलते आणि सगळा मार त्या उघड्या खांबांच्या गुडघ्यांवर येतो. शिवाय नदीच्या गाळाची मऊ जमीन हादरा वाढवते. आम्ही ते वाचले, वर्तमानपत्र घडी घालून ठेवले. वसईतही तेव्हा भाताची खाचरे, खाजण आणि मिठागरे भरून इमारती उठत होत्या. बहुतेकांचा तळमजला मोकळा किंवा गाळ्यांचा. शासनाने पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, भूकंप-नकाशा सुधारला. त्यातून पहिला विभागच काढून टाकला आणि किल्लारी तिसऱ्या विभागात गेली. मुंबई आणि तिचा परिसरही त्या नकाशात तिसऱ्याच विभागात होता. म्हणजे किल्लारीची माणसे आणि आम्ही एकाच रंगात रंगलो. आम्हांला त्याचा पत्ता नव्हता.

२०१८ च्या नोव्हेंबरात तर ते आपल्या जिल्ह्यातच आले. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, लहान लहान हादऱ्यांची रांग लागली. महिनोन् महिने ती संपेना. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे यंत्रे बसवली आणि त्यांत हजारो हादरे नोंदले गेले. बहुतेक कळणारही नाहीत असे, काही चार तीव्रतेच्या आसपासचे. थंडीत आदिवासी कुटुंबे तंबूंत निजली. घाबरून पळताना पडून एक लहान बालिका दगावली. हे सगळे आमच्या उंबऱ्यापासून शंभर किलोमीटरच्या आत. ओळखीच्या एका सिस्टर त्या भागातून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुले वर्गात बसत नाहीत हो. दाराकडे बघत बसतात." आम्हांला किल्लारीचा तो वृद्ध आठवला. किती दिवस बाहेर झोपणार?

लहान हादरे मोठ्याची वर्दी असतात की नुसतेच येऊन विरतात, हे आधी सांगता येत नाही. किल्लारीत वर्दी ठरली. जगात अनेक ठिकाणी ती ठरत नाही. भूकंपाचा दिवस आणि घटका सांगणारे शास्त्र अजून कोणापाशी नाही. पण कोणती भिंत पडेल हे मात्र पुष्कळ अंशी सांगता येते, आणि तेच आपण विचारत नाही.

किल्लारीहून परतल्यावर आम्हांला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, "देवाने असे का केले?" कोणी दबल्या आवाजात हेही म्हणत की काहीतरी पाप असेल. शुभवर्तमानात सिलोहाच्या बुरुजाची गोष्ट आहे. तो पडून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक दोषी होती काय, असे प्रभूने विचारले आणि 'नाही' असे स्वतःच उत्तर दिले. मग ऐकणाऱ्यांनाच त्यांनी आपापल्या जीवनाकडे पाहायला लावले. मेलेल्यांचे पाप शोधू नये, जिवंतांनी स्वतःला तपासावे, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारला एक इमारत मध्यरात्रीच्या सुमारास कोसळली आणि सतरा माणसे गेली. एका बाळाचा पहिला वाढदिवस त्याच दिवशी साजरा झाला होता. धरणी त्या रात्री जराही हलली नव्हती. तो आमच्या दाराशी पडलेला सिलोहाचा बुरूज होता. धरणी न हलता हे झाले. हलेल तेव्हा काय?

एक जुनी गोष्टही सांगण्यासारखी आहे. वसईवर दोनशे वर्षे राज्य करून पोर्तुगीज १७३९ साली येथून गेले. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ नोव्हेंबर १७५५ ला, सकळ संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चे भरलेली असताना त्यांच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, महाभयंकर भूकंप झाला. छते कोसळली, वेदींवरच्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या आणि मोकळ्या किनाऱ्यावर धावलेल्यांना समुद्राने गिळले. देवाचा कोप की निसर्गाचा नियम, यावर युरोपभर वाद झाला. पण राज्याच्या मंत्र्याने, पोंबालने, आणखी एक काम केले. त्याने देशभरातील धर्मग्रामांना प्रश्नांची यादी पाठवली. हादरा किती वेळ टिकला? किती माणसे गेली? कोणत्या इमारती पडल्या? समुद्र आधी मागे हटला की पुढे आला? जमिनीला कोठे भेगा पडल्या? गावोगावच्या धर्मगुरूंनी बसून उत्तरे लिहिली. ती आजही लिस्बनच्या दप्तरखान्यात आहेत आणि शास्त्रज्ञ ती वाचतात. नव्या घरांच्या भिंतींत तेथे लाकडाचा पिंजरा घातला गेला. सैनिकांना भोवती दणदण चालवून त्याचा नमुना पारखला, असे सांगतात. मृतांसाठी प्रार्थना करणे आणि भिंती मोजणे ही दोन्ही कामे त्या धर्मगुरूंच्या हातून एकाच वेळी झाली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

तर आमची भिंत. त्या रात्री आम्ही चिरंजिवांना १९९६ ची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "बाबा, तुम्ही तेव्हा वजन चढवलंत आणि आता भाडं माझं थांबवता." ते खरेच होते. आमच्या चुकीची किंमत त्यांनी भरायची होती. आम्ही त्यावर वाद घातला नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका अभियंत्याला बोलावले. त्याने खोल्या मोजल्या, चुन्यात खिळा घालून पाहिला, छतावर गेला आणि खाली येऊन म्हणाला, "ही भिंत काढायचा विचार सोडा. आहे तीही उपकारावर उभी आहे."

मग जे ठरले ते असे. टाकी छतावरून उतरवून अंगणात आणायची. वरच्या दोन खोल्यांपैकी एकीचा स्लॅब काढून त्यावर हलका पत्रा घालायचा. दरवाजांच्या वरच्या पातळीला घराभोवती सळई आणि सिमेंटचा पट्टा फिरवून चारही भिंती एकमेकींना बांधायच्या आणि कोपऱ्यांना जाळी मारून गिलावा करायचा. गाळे घराच्या पोटात नाहीत; अंगणाच्या कडेला, बावखलाच्या बाजूला, वेगळे आणि हलके. त्यासाठी चार माड आणि सौ.ची फुलझाडे गेली. सौ. काही बोलल्या नाहीत. १९९६ साली आमचे उत्तर ऐकून त्या जशा गप्प झाल्या होत्या, तशा नव्हेत. या वेळी त्यांनी स्वतः रोपे उपटून शेजारणींना वाटली. खर्चासाठी आम्ही आमच्या म्हातारपणाच्या ठेवीतून पैसे काढले. गाळा एकच बसला. भाडे ठरले होते त्याच्या निम्मे येते.

काम चालू असताना गवंड्याने एकदा विचारले, "काका, एवढा खर्च. समजा, शंभर वर्षे काहीच झालं नाही तर?"

"तर शंभर वर्षे घर उभे राहील," आम्ही म्हणालो.

तो हसला, पण दुपारी जेवायला बसल्यावर त्याने हळूच आपल्या नालासोपाऱ्याच्या खोलीविषयी विचारले. तळमजला मोकळा, खांबांचे सिमेंट निघून सळया दिसतात, वर चार मजले. कोणाला दाखवावे? आम्ही त्याला त्या अभियंत्याचा पत्ता दिला. तो गेला की नाही ते ठाऊक नाही. पुढच्या रविवारी भेटला की विचारू.

त्या संध्याकाळी ओटीवर रोझरीला बसताना आम्ही सवयीने भिंतीला पाठ टेकली. गिलावा अजून ओला होता. सदऱ्यावर सिमेंटचा मोठा डाग उमटला. नात हसू लागली. तो सदरा धुतला तरी डाग पुरता गेला नाही. आम्ही तो अजून वापरतो.